गडग्यावरची पंचाईत

"ऐकलंत ना आमच्या डिचोलीच्या भाचीचं? मूल आधी तपासणार, मग पोटात घालणार म्हणे!"

वैनींनी ही बातमी गडग्यावर ठेवली आणि सिस्टरनी हातातलं कोकमाचं भिंड फोडायचं थांबवलं. मे संपत आला होता. वाळपईत या दिवसांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई असते आणि सगळ्यांची कामं परसात चाललेली असतात, त्यामुळे कुठलीही बातमी फार वेळ एका घरात राहत नाही. आमच्या विहिरीपाशी तीन घरांचे गडगे एकत्र येतात. डावीकडे सिस्टर. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, उभी नोकरी केली, निवृत्त होऊन गावी आल्या, पण त्यांना अजून कुणी नावानं हाक मारत नाही. मागे आंटी, सकाळी मिसा चुकवत नाहीत आणि दुपारी बातमी चुकवत नाहीत. वैनी समोरच्या, पण त्यांना गडगा लागत नाही, त्या थेट आत येतात.

"मूल नाही हो," सिस्टर म्हणाल्या, "गर्भ. पाच दिवसांचा."

"पाच दिवसांच्या जिवाचं तपासणार काय? हात ना पाय."

मग सिस्टरनी सोलांचं ताट बाजूला सारून शिकवणीच घेतली. बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शनं द्यायची. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, त्याऐवजी आठ-दहा पिकतात. भूल देऊन ती बाहेर काढायची आणि प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बीजाशी जुळवायची. पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा गोळा होतो. त्यातल्या आतल्या पुंजक्याचं बाळ होतं, बाहेरच्या थराची वार. वारेच्या बाजूच्या पाच-सात पेशी काढून लॅबला पाठवायच्या आणि गर्भ गोठवून ठेवायचा. काही आठवड्यांनी कागद येतो, हा घाला, हा नको.

"नको म्हणजे?" मागच्या गडग्यावरून आंटींचा आवाज आला. त्या तिथं कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"नको म्हणजे घालायचा नाही."

"आणि त्याचं काय करतात?"

सिस्टर जरा थांबल्या. "ठेवतात गोठवून. कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. किंवा आईबापांनी सही दिली तर संशोधनाला. नाहीतर… संपतो."

आंटींनी कपाळापासून छातीपर्यंत खूण केली आणि जास्वंदीच्या सुकलेल्या फांद्या तोडायला लागल्या. गेल्या मात्र नाहीत.

आता ही भाची कोण, तर वैनींच्या मावसबहिणीची मुलगी, डिचोलीत दिलेली. पहिला मुलगा चार वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. म्हणजे त्याच्या शरीरात नीट रक्तच तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी बांबोळीला न्यायचं आणि बाहेरचं रक्त चढवायचं. रक्ताबरोबर लोह साठत जातं, ते काळीज, यकृत खातं, म्हणून ते काढायची औषधं वेगळी. सिस्टर सांगत होत्या, पूर्वी पोटाच्या कातडीत सुई टोचून रात्री आठ-आठ तास पंप लावून ठेवायचा, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता गोळ्या आल्या. त्यांच्या वॉर्डात एक मुलगी यायची, पाच-सहा वर्षांची. आली की आधी फ्रॉकची बाही वर करायची आणि नवीन नर्सला सांगायची, "ह्या हाताची शीर पळते, त्या हाताची घ्या." त्या वयाच्या मुलीला आपल्या शिरांची एवढी माहिती असू नये, एवढंच सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा भिंड फोडायला घेतलं.

"पण सासू म्हणते," वैनींनी आवाज उतरवला, "मुलीकडच्यांनी लपवलं. मुलीच्याच रक्तात खोट होती."

वैनींचा आवाज उतरला म्हणजे हे मत सासूचं एकटीचं नाही, हे आम्हाला कळतं.

"तिच्या मुलाच्याही रक्तात तेवढीच आहे," सिस्टर फाडकन म्हणाल्या. "एकाकडून आलं तर मूल फक्त वाहक होतं, त्याला काही होत नाही. आजारी व्हायला दोघांकडून यावं लागतं. आई निम्मी, बाप निम्मा. सासूबाईंना सांगा, तुमच्याकडून की तुमच्या यजमानांकडून ते आधी तपासून घ्या."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मूल होत नाही तर सून, मुलगीच होते तर सून, आणि आता डीएनएचा कागद आला तरी बोट तिच्याकडेच. कागदावर दोन नावं असतात, वाचणारा एकच वाचतो.

असे वाहक भारतात शंभरात तीन-चार आहेत. हिंडतात, फिरतात, नाटकात कामं करतात, काजूच्या बागा शिंपतात. फार तर थोडे फिकट दिसतात आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या देत राहतात. असे दोघं एकत्र आले तर दर खेपेला चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहकाच्या, एक अगदी मोकळ्या मुलाची. सिस्टरनी बजावून सांगितलं की पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, दर वेळी डाव नव्यानं मांडला जातो. देशात वर्षाला दहा हजारांच्या आसपास अशी बाळं जन्मतात.

"मग दुसरं होऊच देऊ नये," वैनी.

"ते तुम्ही ठरवणार?"

वैनी गप्प. क्षणभरच.

आजवर या जोडप्यांना दुसरा रस्ता होता तो असा. दिवस राहू द्यायचे, अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासायचा आणि वाईट निघालं तर गर्भ पाडायचा. कायद्याची त्याला परवानगी आहे. २००८ साली मुंबईत एका बाईच्या गर्भाच्या हृदयातला दोष चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला कळला आणि उच्च न्यायालयानं तिला गर्भपाताची परवानगी नाकारली, तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती. पेपरात रोज तेच होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मतानं पुढेही परवानगी मिळते. सिस्टरनी दोनदा या वाटेनं गेलेली आई पाहिली आहे. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती कुणाला सांगतच नव्हती, सोळा आठवडे सैल झगे घालून हिंडायची. अहवाल चांगला आला तेव्हा रडली, आणि मग म्हणाली, आता मला हे आवडायला लागलं तरी चालेल ना?

"म्हणून म्हणते," सिस्टर म्हणाल्या, "पोटात हलायला लागण्याआधी कळलं तर त्या बाईचं किती वाचतं! एवढं करूनही डॉक्टर सांगतात की बारा आठवड्यांनी एकदा वार तपासून खात्री करून घ्या, शंभर टक्के कुणी सांगत नाही."

"पाडणं काय नि न घालणं काय," आंटी फांदी न सोडता म्हणाल्या. "दोन्हीकडं जीव जातो. आमच्या पाद्रीनं सांगितलेलं आहे."

पाद्रीनं बरोबर सांगितलेलं आहे. व्हॅटिकननं १९८७ साली टेस्ट ट्यूबलाच नको म्हटलं आणि २००८ साली गर्भ तपासून निवडण्याला वेगळं नाव घेऊन नको म्हटलं. आंटींच्या बोलण्यात सुसंगती आहे हे मान्य करायला हवं. आमच्या वैनींना टेस्ट ट्यूब चालते, गर्भपात चालत नाही, नवस चालतो आणि भाचीनं मुंबईला जाणं चालत नाही.

"तपासायला मुंबई कशाला?" वैनी म्हणाल्या. "आता बांबोळीलाच फुकट करतात ना टेस्ट ट्यूब?"

हे वाळपईत सगळ्यांना पाठ आहे. २०२३ साली गोमेकॉत मोफत आयव्हीएफची सोय सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री विश्वजित राणे, म्हणजे आमचेच आमदार, त्यामुळे बातमी इथे घरच्यासारखी आली. मला आठवतं, १९८६ च्या ऑगस्टात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हा लोक अचंब्यानं बोलत, काचेच्या नळीत वाढवलं म्हणून. आता रेशनकार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं. पण गर्भातला एकच नेमका दोष शोधायचा तर त्या घराण्यापुरती लॅबला वेगळी जुळणी करावी लागते, आईचं, बापाचं, आजारी मुलाचं रक्त घेऊन. ते काम मोठ्या शहरांतल्या मोजक्या लॅबांचं आणि त्याचा खर्च निराळा. भाचीच्या नवऱ्यानं ट्रक विकायला काढला आहे, ही माहिती वैनींनी इथे पुरवली.

मग वैनींनी तो प्रश्न विचारला. मी वाटच बघत होते.

"एवढं तपासतात, तर मुलगा की मुलगी तेही कळत असेल?"

"लॅबला कळतं. सांगत नाहीत. सांगितलं तर तुरुंग."

हे एवढं कडक का, ते मुंबईतल्या ऐंशीच्या दशकाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा जाहिराती लागायच्या, की आत्ता पाचशे रुपये घाला आणि पुढचे पन्नास हजार वाचवा. पन्नास हजार म्हणजे हुंडा. तेव्हाही तंत्र आलं होतं ते गर्भातले दोष शोधायलाच! बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. पुढे गर्भ पोटात जायच्या आधीच मुलगा निवडायची सोय निघाली, तेव्हा पुण्याच्या मासूम, मुंबईच्या सेहत या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ पासून तेही बंद झालं. कागदावर. २०१७ साली मिरजेजवळ म्हैसाळच्या ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले.

गंमत अशी, की गर्भ तपासून निवडायचं हे तंत्र जगात पहिल्यांदा वापरलं गेलं ते मुली निवडायला. १९९० साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात ॲलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. त्या घराण्यांतला आजार मुलग्यांनाच व्हायचा, म्हणून मुलींचेच गर्भ घातले. हे मी वैनींना सांगितलं. "लंडनला ना?" म्हणाल्या. म्हणजे, तिथे काय वाटेल ते करतील.

"कायदा काय म्हणतो माहीत आहे?" सिस्टर म्हणाल्या. "२०२१ चा. गर्भ तपासायचा तो माहीत असलेल्या, घरात आधीपासून असलेल्या, आनुवंशिक आजारासाठीच. बाकी कशासाठी नाही. अमेरिकेत काही कंपन्या आता गर्भांना मार्क देतात, हा उंच होईल, हा हुशार निघेल. तसलं इथे नाही."

"का नाही पण?" वैनींना हे पटलंच नाही. "आम्ही काजूचं कलम आणतो ते वेंगुर्ल्याचं, चांगलं बघून आणतो. मिळेल ते आणून लावतो का? मग नातवंड चांगलं बघून आणलं तर कुणाचं काय गेलं?"

"कलम नाही उगवलं तर तुम्ही काय करता?"

"उपटून टाकते."

"बघा," सिस्टर म्हणाल्या.

वैनींना काय बघायचं ते कळलं नाही, पण आंटी पहिल्यांदाच हसल्या. मला मात्र हा मुद्दा दोन्ही बाजूंनी टोचतो. पणजीला जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट भरला, दिव्यांगांचा, थाटात. २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. एका हातानं सरकार त्यांना दाखला देतं, या, तुमचा मान आहे, म्हणतं. त्याच सरकारच्या पलीकडच्या दालनात असा जीव जन्मूच नये याची सोय होते. आज चाळिशीला पोचलेला, नोकरी करणारा थॅलेसेमियाचा माणूस हे वाचत असेल तर त्याला काय वाटत असेल? आणि तरीही, त्या फ्रॉकवाल्या मुलीच्या आईला "होऊ दे दुसरंही तसंच" असं गडग्यावरून सांगायला मला जीभ नाही. ज्याच्या घरात आजार बसलेला आहे त्यानं तो दुसऱ्यांदा नको म्हटलं, तर ते काही घराण्याचं निवडणं-टिपणं नव्हे.

अहमदाबादची गोष्ट मीच काढली. तिथल्या एका जोडप्याचा मुलगा असाच, दर तीन आठवड्यांनी रक्त. त्याला अस्थिमज्जा द्यायला घरात कुणाची जुळेना. मग गर्भ तपासून असा निवडला की आजार नाही आणि भावाशी जुळतोही. २०१८ साली मुलगी झाली. दीड वर्षाची झाल्यावर, २०२० च्या मार्चमध्ये, तिची मज्जा भावाला दिली. त्याला पुढे रक्त लागेनासं झालं. भावासाठी अशी निवडलेली देशातली ही पहिलीच. हिशेब केला तर सोळा गर्भांत तीन असे मिळायची शक्यता असते, आजार नसण्याची चारात तीन आणि जुळण्याची चारात एक.

"म्हणजे औषध म्हणून पोर जन्माला घातली," आंटी म्हणाल्या. "तिला कुणी विचारलं?"

"मला कुणी विचारलं होतं?" सिस्टरनी सुरी खाली ठेवली. "मी चौथी. मुलगा होईपर्यंत चालू ठेवलेलं आमच्या बाबांनी. माझ्यानंतर भाऊ झाला. माझा जन्म कशासाठी, तर वाटेत लागले म्हणून. ती पोर तरी हवी म्हणून आली."

यावर आंटींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण मला एक वाटतं, पहिल्यांदा मज्जा दिली ती गोष्ट वेगळी. पुढे भावाला काही झालं की सगळं घर तिच्याकडेच बघणार, आणि ती नाही म्हणू शकेल का, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

"आता खरी अडचण ऐका," सिस्टर म्हणाल्या. भाचीनं त्यांना फोन केला होता, हे त्यांनी वैनींना तोवर सांगितलं नव्हतं. वैनींच्या तोंडावरून ते लगेच कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी जोडप्याला विचारलं होतं, की आधीच ठरवून या. आजारी गर्भ घालायचे नाहीत हे ठीक. मोकळा मिळाला तर प्रश्नच नाही. पण वाहक निघाले तर? सगळ्यांत जास्त तेच निघणार. ते ठेवायचे की तेही नको?

"नकोच," वैनी ताबडतोब. "एवढा पैसा घालून ब्याद पुढच्या पिढीला कशाला? साफच करून टाकायचं."

"सासरचेही हेच म्हणतात. पण वाहक म्हणजे कोण, वैनी? भाची स्वतः. तिचा नवरा. सातवीत धावण्यात पहिली आलेली मुलगी ती, तुम्हीच सांगितलंत. काही होतं का तिला? ती मला फोनवर विचारते, सिस्टर, माझ्यासारखं मूल नको असं मी कुठल्या तोंडानं लिहून देऊ?"

विहिरीच्या कठड्यावरून मांजर उतरून सोलांच्या ताटाकडे निघालं होतं. त्याला कुणी हाकललं नाही.

"मग तू काय सांगितलंस गो?" आंटींनी विचारलं. आंटी सगळ्यांनाच गो म्हणतात, डॉक्टरणीलासुद्धा.

"सांगितलं, की तुझ्यासारखा असेल तर बिनधास्त घाल. मोठा झाला की लग्नाआधी समोरच्याचं रक्त बघायला सांग, झालं. त्याला उपाय एका रक्ततपासणीएवढाच आहे. तेवढ्यासाठी जीव कशाला नाकारायचा?"

आणि मला वाटतं आंटींना, देवाच्या कामाचं सगळं बाजूला ठेवून, हे पटलं. निदान त्यांनी "बरें केलेंस" म्हटलं.

खरं तर सगळा पसारा त्या रक्ताच्या एका नळीपाशीच येतो. सायप्रस बेटावर हा आजार फार होता. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चनंच ऐंशीच्या दशकात नियम केला, की रक्त तपासल्याचा दाखला दाखवा, मग लग्न लावू. लग्न मोडा असं नाही, फक्त कळू दे. अशी बाळं जन्मणं तिथे जवळजवळ थांबलं. आमच्या गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करायची चर्चा २००६ साली झाली, २०१९ साली परत झाली, तेव्हा केवढा गदारोळ! सक्ती मलाही नको. पण इथे लग्नाच्या दोन-दोन सह्या असतात रजिस्ट्रारकडे, पहिली आणि दुसरी, मध्ये दिवस असतात. पत्रिका बघायला वेळ मिळतो, हॉल बघायला मिळतो.

"पत्रिकेवरून आठवलं," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या धाकट्याची पहिली सही कधी, वैनी?"

"जूनच्या दहाला. का?"

"त्याचं रक्त बघितलंय?"

"आमच्यात असलं काही नाही हां!"

"भाची तुमच्यातलीच ना?"

वैनी काही बोलल्या नाहीत. पदराच्या टोकानं उगाच हात पुसले. मग म्हणाल्या, "ती माझ्या मावशीकडून."

"मावशी कुणाची बहीण?"

"… आणि त्याच्यात निघालं तर? मुलीकडचे काय म्हणतील?"

"त्याच्यात निघालं तर मुलीचं बघायचं. तिच्यात नसेल तर विषय संपला. वऱ्हाडाला सांगायची गरजसुद्धा नाही. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणून सांगा, किंवा नुसतं थॅलेसेमियाचं म्हणा, कळतं त्यांना."

"उपाशी जावं लागतं?"

"नाही. चहा पिऊन पाठवा."

"साखळीला होईल की म्हापशाला जावं लागेल?" वैनींनी विचारलं आणि लगेच आमच्याकडे वळल्या. "आणि हे बघा, डिचोलीला एवढ्यात कळता कामा नये."